पहिला ट्रायथलॉन सीझन संपला, १९ मिनिटं कमी झाली पण रनिंग तिथंच अडकलंय. आता कशावर मेहनत घेऊ?

मिरजकर_३८

नमस्कार मंडळी, इथं वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३८, मिरजेत लॅब टेक्निशियन आहे, महिन्याला आठ-नऊ नाईट असतात. तीन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरला आली तेव्हा पळायला लागलो, मग सायकल आली, आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये टँक लावला. लहानपणी मामाच्या विहिरीत पोहलोय पण ते डोकं वर ठेवून हातपाय मारायचं पोहणं, पाण्यात तोंड घालून बाजूला श्वास घ्यायचा हे ३७ व्या वर्षी शिकलो. पहिले पंधरा दिवस २५ मीटरची एक लांबी झाली की काठ धरून उभा राहायचो, शेजारच्या लेनमध्ये आठवी-नववीतली पोरं पन्नास लांब्या मारून घरी जायची तरी मी सहाव्या लांबीवरच असायचो.

ऑक्टोबरमध्ये पहिली रेस, स्प्रिंट. ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी रन. टँकमध्ये ७५० आरामात होत होतं म्हणून निर्धास्त होतो. पण तलावात उतरलो, हॉर्न वाजला आणि पहिल्या बोयाच्या (वळायची जागा दाखवणारा तरंगता फुगा) आधीच कुणाचा तरी पाय गॉगलवर बसला. पाणी आत गेलं, खाली बघितलं तर टँकची निळी फरशी नाही, पांढरी रेघ नाही, नुसता हिरवा काळोख. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं, श्वास सोडताच येईना. मदतीला असलेल्या कयाकवाल्या (छोट्या होडीवाल्या) पोराला हात केला, तो जवळ आला आणि म्हणाला "काका धरून ठेवा, रेसमधून बाद नाही होत, फक्त कयाक पुढं ढकलत न्यायचा नाही." मिनिटभर धरून राहिलो, आकाशाकडं बघितलं, मग निघालो. पूर्ण केली. त्या पोराचं नाव पण विचारायचं राहिलं याची अजून चुटपुट लागलीय.

मग डिसेंबरात ऑलिम्पिक डिस्टन्स (१५०० मीटर, ४० किमी, १० किमी) आणि आत्ता फेब्रुवारीत दुसरी ऑलिम्पिक. आकडे देतो. टी-वन म्हणजे पोहून आल्यावर सायकलवर बसेपर्यंतचा वेळ, टी-टू म्हणजे सायकल ठेवून पळायला निघेपर्यंतचा.

स्प्रिंट: पोहणं २४:४०, टी-वन ६:१०, सायकल ४७:२०, टी-टू ३:३०, रन ३६:५०. एकूण १:५८:३०. तेव्हा हायब्रिड सायकल होती, नंतर एका मित्राची जुनी रोडबाईक घेतली.

डिसेंबरची ऑलिम्पिक: पोहणं ४८:३०, टी-वन ५:२०, सायकल १:२६:४०, टी-टू २:५०, रन १:२१:१०. एकूण ३:४४:३०.

फेब्रुवारीची ऑलिम्पिक: पोहणं ४१:१५, टी-वन ३:०५, सायकल १:२२:१०, टी-टू १:४०, रन १:१७:२०. एकूण ३:२५:३०.

म्हणजे दोन महिन्यांत १९ मिनिटं कमी. घरी पोरीनं पेढे आणायला लावले. पण माझं मन त्या रनवर अडकलंय. नुसतं १० किमी पळालो तर ५७ मिनिटांत येतो मी, जानेवारीतच पळालोय. आणि ट्रायथलॉनमध्ये १:१७. सातव्या किलोमीटरला चालत होतो, पोटरीत गोळे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे एक गृहस्थ "चला चला" म्हणत पुढं निघून गेले. आमच्या ग्रुपमधले म्हणतात तुझं रनिंग कच्चं आहे, आठवड्याला ५० किमी पळ. सध्या २५ पळतो.

खरं म्हणजे डोक्यात गोव्याची ७०.३ (हाफ आयर्नमॅन, १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१ किमी रन) आहे, याच वर्षीची. तर विचारायचं असं की रनिंग वाढवू, का पोहण्यावर वेळ घालू, का अजून काही? नाईटमुळे आठवड्याला सात-आठ तासच मिळतात, सगळं एकदम होणार नाही.

घाटरस्ता

सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन भावा. तीन वेळा उभा राहिलास आणि तिन्ही वेळा फिनिश लाईन ओलांडलीस, पहिल्या सीझनला हे सगळ्यांना जमत नाही. माझी स्वतःची दुसरी रेस अर्धवट सुटली होती.

आता आकड्यांचं. स्प्रिंटला बाजूला ठेव, सायकल वेगळी, अंतर वेगळं, तिच्याशी तुलनाच नको. डिसेंबर आणि फेब्रुवारी घे. तशा या पण दोन वेगळ्या जागच्या रेस, वारं वेगळं, चढ वेगळे, बोया कुणी मीटरपट्टी लावून टाकत नाही, त्यामुळं एकूण वेळेवरून फार काही ठरवू नकोस, तुकडे बघ. पोहण्यात सव्वासात मिनिटं गेली, सायकलवर साडेचार, रनमध्ये ३:५०, आणि दोन्ही ट्रान्झिशन (टी-वन, टी-टू) मिळून ३:२५. बघ म्हणजे, बूट घालणं आणि हेल्मेट लावणं यात तू जवळजवळ तेवढाच वेळ वाचवलायस जेवढा १० किमी रनमध्ये.

तुझं रनिंग कच्चं असतं तर नुसते १० किमी ५७ मध्ये आले नसते, ही साधी गोष्ट आहे. ५७ म्हणजे किलोमीटरला ५:४२. रेसमध्ये तू ७:४४ नं पळालायस. दर किलोमीटरला दोन मिनिटं कुठंतरी गळतायत, आणि ती पळायला लागायच्या आधीच गळलेली असतात. सायकलवरून उतरल्यावर सगळेच हळू पळतात पण इतकं नाही.

तीन गोष्टी सांग. सायकल दोन लॅपची होती का, प्रत्येक लॅपचा वेळ किती? सायकलवर काय खाल्लंस प्यायलास? आणि घड्याळानं पोहण्याचं अंतर किती दाखवलं?

मिरजकर_३८

दादा इतकं बारकाईनं बघितलंत, धन्यवाद.

लॅप दोनच होत्या २०-२० च्या. पहिली ३९:१०, दुसरी ४३:००. सरासरी हार्ट रेट पहिल्या लॅपला १६८, दुसरीला १६१. पहिल्या लॅपमध्ये पुढं चौघांचा ग्रुप दिसत होता, त्यांना गाठायचं म्हणून जोर लावला. चिकटलो नाही त्यांना, ड्राफ्टिंग (पुढच्याच्या मागं चिकटून वाऱ्यापासून आडोसा घेणं) चालत नाही माहितीय, पण नजर त्यांच्यावरच होती.

७५० ची एक बाटली होती, साधं पाणी, तीसुद्धा सगळी संपली नाही. खायला काही नाही, एनर्जी जेलचं पाकीट खिशात होतं पण हँडल सोडून फाडायची भीती वाटली. रन चालू झाला तेव्हा नऊ वाजून गेले होते, ऊन चांगलंच लागत होतं.

पोहण्याचं घड्याळानं १७२० मीटर दाखवलं. मला वाटलं आयोजकांनीच जास्त ठेवलं असेल. टँकमध्ये १५०० ला ३६ मिनिटं लागतात.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा, वय ६१, ट्रायथलॉन कधी केलेली नाही पण चाळीस वर्षं नदीत पोहतोय म्हणून पोहण्यापुरतं बोलतो. तुझ्यापेक्षा मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

आयोजकांनी नाही जास्त ठेवलं रे बाळा, तूच वाकडा पोहलास. हिशोब कर. टँकमध्ये १५०० ला ३६ मिनिटं, म्हणजे शंभराला २ मिनिटं २४ सेकंद. तलावात १७२० ला ४१:१५, त्याला भागलं तरी शंभराला २:२४ च येतं. म्हणजे तुझा वेग तलावात कणभरसुद्धा कमी झालेला नाही. घड्याळ पाण्यात थोडंफार चुकतं, हात बुडाला की त्याला सिग्नल मिळत नाही, ते सोडून दे, पण जवळपास दोनशे मीटर तू फुकट पोहलायस. ऑक्टोबरात कयाक धरून थांबलेला माणूस फेब्रुवारीत टँकच्याच वेगानं तलाव पार करतो, माझ्या मते तुझ्या अख्ख्या सीझनमधली सगळ्यात मोठी कमाई ती आहे, आणि तू ती लिहिलीसुद्धा नाहीस.

आता वाकडं का जातं. टँकमध्ये खाली रेघ असते, ती बघत आपण सरळ जातो. नदीत तळ्यात रेघ नाही. एकाच बाजूला श्वास घेणारा माणूस हळूहळू कडेला सरकतो, त्याला कळत पण नाही. उपाय एकच, वर बघायचं. पण कसं बघायचं हे महत्त्वाचं. नवीन माणूस अख्खं डोकं बाहेर काढतो, मग कंबर आणि पाय खाली जातात, आणि परत सरळ व्हायला चार हात वाया जातात. आमच्या भागात सांगायला सोपं आहे, मगर कशी नुसते डोळे पाण्यावर ठेवते, बाकी सगळी आत, तसं. हात पुढं टाकला की त्याच्यावर किंचित दाब देऊन फक्त गॉगल वर येईल इतकंच डोकं उचलायचं, बघायचं, आणि तसंच बाजूला वळून श्वास घ्यायचा. समोर बघताना श्वास घ्यायचा नाही, तोंडात पाणी जातं. दर सहा-आठ हातांनी एकदा. आणि बोया शोधू नकोस, तो लाटेत दिसत नाही, त्याच्या मागचं मोठं काहीतरी आधीच काठावरून हेरून ठेवायचं, देवळाचं शिखर, टॉवर, नारळाचं झाड.

टँकमध्ये याचा सराव होतो. प्रत्येक लांबीत दोनदा वर बघायचं, समोरच्या भिंतीवर घड्याळ असेल तर किती वाजले ते वाचायचं. वाचता आलं तर नीट बघितलंस. दुसरं म्हणजे टँकवाल्याला विचारून लेनच्या दोऱ्या नसतील त्या वेळेत डोळे मिटून दहा हात मारून बघ, किती आणि कुठल्या बाजूला सरकतोस ते लगेच कळेल.

त्या दिवशी छाती भरली ती श्वास सोडला नाहीस म्हणून. घाबरलं की माणूस हवा आत घेत राहतो आणि बाहेर सोडत नाही. पाण्यात तोंड गेलं की बुडबुडे चालूच राहिले पाहिजेत, अगदी गुणगुणल्यासारखे. मी पोरांना तोंड पाण्यात घालून "हूं" म्हणायला लावतो, आवाज थांबला की श्वास अडकला.

आणि एक, कळवळून सांगतो. नदीत एकट्यानं उतरायचं नाही. आपल्या कृष्णेत मगरी आहेत हे सगळ्यांना माहितीय, भिलवडी-औदुंबरकडं तर माणसं दगावलीयत. आम्ही ठराविक पट्ट्यातच, दहा-बारा जण मिळून, सोबत नाव घेऊन जातो आणि त्या आठवड्यात कुठं दिसली असं कानावर आलं तर उतरतच नाही. यायचं असेल तर आमच्याबरोबर ये, कमरेला नारिंगी फ्लोट बांधून.

टायर_२८

थोडक्यात लिहितो. ज्यांची रोडबाईक घेतलीस त्यांची उंची तुझ्याएवढी आहे का? सीट खाली असेल तर मांड्या लवकर भरतात आणि मग पळताना पाय उचलत नाही. पायडल अगदी खाली असताना टाच त्याच्यावर ठेवून गुडघा सरळ झाला पाहिजे, मग पंजा ठेवला की आपोआप थोडा वाकेल. हे आधी बघ, फुकट आहे. टायरमध्ये १२० हवा भरत असशील तर कमी कर, आपल्या रस्त्यावर टणक टायर नुसता उडतो, हात आणि पाठ आंबून जाते. बुटाला इलॅस्टिकच्या नाड्या लाव, शंभर-दीडशे रुपयांत अजून अर्धा मिनिट मिळेल. हेल्मेटचा बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, घाईत पहिल्यांदा हेच विसरतं.

घाटरस्ता

काकांनी पोहण्याचं इतकं सुंदर सांगितलं की मला तिथं काही बोलायचं नाही. मी सायकलवर येतो.

३९:१० आणि ४३:००. पहिली लॅप ३०.६ च्या वेगानं, दुसरी २७.९. वारं तेच, रस्ता तोच. हार्ट रेट १६८ वरून १६१ वर उतरला तो काही आराम केलास म्हणून नाही, पायात उरलंच नव्हतं म्हणून. तुझा रन त्या चौघांच्या मागं पहिल्या वीस किलोमीटरमध्ये संपला होता, सातव्या किलोमीटरला फक्त तो दिसला.

मी साताऱ्याचा, आमच्याकडं हिल मॅरेथॉनला दरवर्षी हेच दिसतं. सुटल्यासुटल्या गावातून लोक असे पळतात की जणू यवतेश्वरचा घाट पुढं नाहीच, आणि घाट लागला की तीच माणसं कमरेवर हात ठेवून चालतात, आणि मागून हळू आलेला माणूस टुकूटुकू करत कासच्या रस्त्याला लागलेला असतो. मी स्वतः दोन वर्षं हेच केलं, तिसऱ्या वर्षी पहिले तीन किलोमीटर मुद्दाम लोकांना पुढं जाऊ दिलं, फार अवघड गेलं मनाला, पण घाट पूर्ण पळालो.

तर पुढच्या रेसला पहिली लॅप ४१:३० नं मार. मुद्दाम. हार्ट रेट १५५ च्या आत ठेव, कुणी पुढं गेलं तर जाऊ दे. दोन लॅपची बेरीज १:२३ होईल, आत्तापेक्षा ५० सेकंद जास्त, आणि बदल्यात रन निदान आठ-दहा मिनिटांनी सुधारेल असं माझं प्रामाणिक मत आहे. आठवड्याला ५० किमी पळायची तुला अजिबात गरज नाही, २५ वरून एकदम ५० केलेस तर नडगी नाहीतर टाच धरून बसशील. २५ चे ३० कर, बास. त्याऐवजी दर आठवड्याला एक ब्रिक. म्हणजे सायकल मारून उतरायचं आणि पाच मिनिटांच्या आत पळायला लागायचं. लांब नको, आधी दीड तास सायकल आणि १५ मिनिटं रन, मग रन हळूहळू ४० मिनिटांपर्यंत. पहिले दोन किलोमीटर पाय लाकडासारखे वाटतात, ते लाकूडपण ओळखीचं झालं की रेसमध्ये घाबरायला होत नाही.

आणि खाणं. दोन तास काहीच न खाता भर उन्हात दहा किलोमीटर, गोळे येणारच होते. तासाला साधारण ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत. जेलची भीती वाटते तर जेल नको, बाटलीतच घाल. ७५० पाण्यात चार मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ, अर्धं लिंबू. किंवा लिंबाऐवजी कोकम आगळ. दर दहा मिनिटांनी दोन घोट, तहान लागली नसली तरी. हे रेसच्या दिवशी पहिल्यांदा करू नकोस, ब्रिकला करून बघ, काहींच्या पोटाला सोसत नाही. गोळे नुसत्या मिठाच्या कमतरतेनं येतात असं मात्र मला वाटत नाही, पाय त्यांच्या कुवतीबाहेर गेले की येतात, त्यामुळं मीठ खाऊन पहिली लॅप परत ३९ ची मारलीस तर परत येतील.

गोवा याच वर्षी कर असं माझं मत. १.९ किमी पोहणं तू आत्ताच्या वेगानं ५२-५३ मिनिटांत करशील, कटऑफ (त्याच्या आत नाही आलास तर बाद) १ तास १० मिनिटांचा आहे. ९० किमी सायकल २७ नं ३ तास २० मिनिटं, आणि हाफ मॅरेथॉन अगदी ७:४४ नं पळालास तरी पावणेतीन तास. सगळं मिळून सात-सव्वासात तास, कटऑफ साडेआठ. बसतंय.

गोदाकाठ_४४

घाटरस्ता दादांचं सायकलबद्दलचं शंभर टक्के पटलं, गोव्याबद्दल मात्र पटलं नाही. मी नाशिकची, गोव्याची ७०.३ केलेली आहे म्हणून बोलतेय.

कागदावर बेरीज बसते हो. पण मिरामारला उतरतो तो समुद्र असतो, तलाव नाही. लाट समोरून येते, बोयाच काय पुढच्या माणसाची टोपी पण दिसत नाही, खारं पाणी तोंडात जातं, जीभ सुजल्यासारखी होते. आणि तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दमट उकाडा, घाम वाळतच नाही त्यामुळं अंग थंड होतच नाही. नाशिकच्या कोरड्या हवेत मी जेवढं पळत होते त्यापेक्षा किलोमीटरला मिनिटभर हळू पळावं लागलं. तुमचा ७:४४ हा दहा किलोमीटरचा वेग आहे, तो पण चालत चालत आलेला. ९० किमी सायकलनंतर एकवीस किलोमीटर हा वेगळा विषय आहे. होणारच नाही असं म्हणत नाही, पण पाच महिन्यांपूर्वी तुम्ही कयाक धरला होता, समुद्रात पहिल्यांदा उतरायचं ते ७०.३ च्याच दिवशी असं नको.

मी काय केलं सांगते. पहिल्या सीझनला मला पोहण्याच्या कटऑफमध्ये बाहेर काढलं होतं. बोटीत बसून काठावर आले, सायकल रॅकवर तशीच उभी, बाटलीत मी सकाळी भरलेलं लिंबूपाणी तसंच. नवरा आणि मुलगा सायकलच्या रस्त्यावर माझी वाट बघत उभे होते, त्यांना कळायला अर्धा तास गेला. त्या दिवशी ठरवलं की पाणी आधी. पुढं डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहण्याची स्पर्धा असते तिथं गेले, नुसती पोहायची, पुढं सायकल नाही, रन नाही, कसलंही ओझं नाही. बारकी बारकी पोरं लाटेत खेळल्यासारखी पोहत होती. त्यांच्या मागं मागं गेले आणि समुद्राची भीती तिथं गेली. मग त्याच्या पुढच्या वर्षी गोवा.

दुसरं, इथं कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारते. फेब्रुवारीच्या रेसच्या आठवड्यात नाईट होत्या का? मी पण शिफ्टची नोकरी केलीय. नाईट उतरून झोप न घेता केलेला व्यायाम अंगी लागत नाही, उलट सर्दी, अंगदुखी, चिडचिड. तुम्हाला आठवड्याला सात-आठ तास मिळतात म्हणता, त्यातले दोन झोपेला द्या. आणि शुगर बॉर्डरला होती म्हणता तर साखरेचं पाणी सुरू करायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, तुम्ही तर लॅबमध्येच असता, तपासून बघणं तुमच्या हातात आहे.

घाटरस्ता

ताई समुद्राचा मुद्दा मान्य. मी वेगाचा हिशोब केला, भीतीचा नाही केला. आणि शुगरची गोष्ट मी वाचून पण नजरेआड केली, चूक झाली, ताईंनी सांगितलं ते आधी कर भावा.

मिरजकर_३८

सात आठवड्यांनी परत येतोय. मुद्दाम थांबलो, काहीतरी केल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

ताई तुमचा अंदाज बरोबर निघाला. रेस रविवारी होती आणि बुधवार-गुरुवार नाईट होत्या, शुक्रवारी दिवसभरात तीन तास झोपलो होतो. हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. आता ड्युटी लावणाऱ्या मॅडमना आधी सांगून रेसच्या आठवड्यात नाईट बदलून घ्यायच्या ठरल्यात, त्या लगेच हो म्हणाल्या, मीच कधी विचारलं नव्हतं. शुगर तपासली, तीन महिन्यांची सरासरी आता नॉर्मलमध्ये आहे, डॉक्टर म्हणाले लांब व्यायामात चालेल, एरवी नाही.

सीट दीड बोट खाली होती. ज्यांची सायकल ते माझ्यापेक्षा बुटके, माझ्या लक्षातच आलं नाही कधी.

ब्रिक सहा झाले. पहिल्या दोन वेळा पाय खरंच लाकूड. गेल्या रविवारी मात्र पूर्ण ४० किमी सायकल आणि १० किमी रन करून बघितलं, पहाटे साडेपाचला निघून तासगाव रस्त्यानं. सायकलला पहिले वीस किलोमीटर घड्याळाकडं बघत १५५ च्या आत ठेवले. मिरज रोडवर एक ग्रुप पुढं गेला, त्यातल्या एकानं "काय साहेब, आज हळू?" म्हणून हाक पण मारली, गेलो नाही त्यांच्यामागं. ४० किमी १:२४ मध्ये. बाटली पूर्ण संपवली, आगळ आणि साखर, मीठ. उतरून पळालो तर १० किमी १:०४:२०. एक पण पाऊल चाललो नाही. रेस नव्हती, पोहणं नव्हतं, ऊन पण चढलं नव्हतं हे सगळं कळतंय, पण सातव्या किलोमीटरला पोटरीवर हात ठेवून बघितला, मऊ होती. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली पोटरीचं काय इतकं, पण मला सांगताना भरून आलं होतं.

टँकमध्ये समोरच्या भिंतीवरचं घड्याळ आता वाचता येतं काका. डोळे मिटून दहा हात मारले तर उजवीकडं सरकतो, प्रत्येक वेळी, दोरी नसती तर शेजारच्या लेनमध्ये गेलो असतो. डाव्या बाजूनं श्वास घ्यायला शिकतोय, अजून नाकात पाणी जातं. "हूं" म्हणायची सवय मात्र लागली.

गोवा या वर्षी नाही. दोन दिवस वाईट वाटलं, फी भरायचं पान उघडून बसलो होतो. पण आता असं ठरलंय की पावसाळा संपला की एक ऑलिम्पिक, ३:१० च्या आत यायचा प्रयत्न, मग डिसेंबरात सगळ्यांना घेऊन मालवण, चिवला. पोरगी म्हणतेय ती पण उतरणार, तिला जूनपासून टँक लावतोय. गोवा त्याच्या पुढच्या वर्षी.

काका, तुमच्या ग्रुपबरोबर येत्या रविवारी आलो तर चालेल का? फ्लोट घेतलाय नारिंगी. किती वाजता आणि कुठल्या घाटावर यायचं?

कृष्णाकाठ

ये की. पावणेसहाला, मी मेसेज करतो कुठं ते. येताना पोटात काही जड टाकून येऊ नकोस, आणि टोपी झगझगीत रंगाची घाल म्हणजे नावेवरच्याला दिसशील. पहिल्या दिवशी दुसऱ्या काठापर्यंत जायचं नाही, काठाला समांतर फक्त. गॉगल दोन आण, एकाची पट्टी ऐनवेळी तुटतेच.